ओसरीवरून : यांग कोणाचा कोण?

चित्रपट पाहून झाल्यावर घरातील मंडळी त्याविषयी जे बोलतात, त्यात चित्रपट थोडा आणि घर फार असते. हा अनुभव काही नवा नव्हे. पण श्रावणातल्या एका रविवारी आमच्या खोपोलीच्या घरी तो असा काही आला, की दोन महिने होऊन गेले तरी त्याचा विसर पडत नाही. म्हणून या खेपेचे पान त्यासाठीच खर्ची घालीत आहे. वाचकांनी घरगुती पाल्हाळाबद्दल क्षमा करावी.

खोपोलीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना श्रावणातला रविवार कसा असतो हे सांगावयास नको. घाटमाथ्यावरून ढग एकदा खाली उतरले, की समोरचा डोंगर नाहीसा होतो, डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे ते प्रचंड नळ नाहीसे होतात, आणि घरातल्या नऊ माणसांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्यावाचून दुसरा उद्योग उरत नाही. अशा वेळी आमच्या चिरंजिवांनी (ते सध्या महाविद्यालयात असून त्यांचे मत घरात बरेच महाग झाले आहे) घरच्या पडद्यावर एक इंग्रजी चित्रपट लावला. नाव ‘आफ्टर यांग’, म्हणजे यांग गेल्यानंतर. ‘विज्ञानपट आहे’ एवढे ऐकताच धाकटे बंधू सरसावून बसले. आई आणि आत्या वाती वळण्याचे साहित्य घेऊन आल्या. आमचे वडील, ज्यांना सारे घर ‘नाना’ म्हणते, ‘हल्लीचं इंग्रजी मला उमगत नाही’ असे म्हणत आरामखुर्ची नेमकी पडद्यासमोर ओढून बसले.

हा चित्रपट कोगोनाडा या टोपणनावाने काम करणाऱ्या दिग्दर्शकाचा आहे. त्यांचा जन्म दक्षिण कोरियातला, वाढ अमेरिकेतली. जपानचे थोर दिग्दर्शक ओझू यांचे पटकथाकार कोगो नोदा यांच्या नावावरून त्यांनी हे नाव घेतले. ओझूंचे चित्रपट म्हणजे घराघरांतल्या आईबापांच्या आणि मुलांच्या गोष्टी, एकही आवाज न चढविता सांगितलेल्या. तीच रीत या शिष्याने उचलली आहे. मूळ कथा अलेक्झांडर वाइनस्टाइन या अमेरिकन लेखकाची. चित्रपट 2021 साली कानच्या महोत्सवात प्रथम दाखविला गेला आणि 2022 साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात, विज्ञानाशी निगडित चित्रपटाला देण्यात येणारे आल्फ्रेड स्लोन पारितोषिक त्याला मिळाले. लांबी अवघी 96 मिनिटे.

कथा चार ओळींत सांगण्यासारखी आहे. पुढच्या कोणत्या तरी काळातले एक सुखवस्तू जोडपे. पती जेक चहाचे दुकान चालवितो, पत्नी कायरा नोकरीत गढलेली. त्यांनी चीनमधून दत्तक घेतलेली लहानगी मुलगी मिका. मुलीला तिच्या जन्मभूमीची ओळख राहावी, घरात सोबत व्हावी, म्हणून त्यांनी एक यांत्रिक मोठा भाऊ विकत आणलेला असतो, तोही दुसऱ्याने वापरलेला. त्याचे नाव यांग. एके दिवशी हा यांग बंद पडतो. बाप त्याला दुरुस्तीसाठी घेऊन हिंडतो आणि हिंडता हिंडता त्याच्या ध्यानात येते, की यांगच्या आत एक स्मृतिकोश आहे. दिवसाकाठी काही क्षण यांगने त्यात साठवून ठेवले आहेत. भिंतीवर पडलेले ऊन, चहाच्या पेल्यात बुडणारे पान, झोपलेली मिका. ते क्षण बाप एकामागून एक पाहू लागतो, आणि आपल्याच घरात आपण किती कमी पाहिले हे त्याला कळत जाते. बस्स. ना युद्ध, ना आकाशयाने, ना खलपुरुष.

चित्रपट संपला तेव्हा दिवेलागण झाली होती. प्रथम बोलले ते धाकटे बंधू. ‘यात घडलं काय? विज्ञानपट म्हणता आणि एक विमानसुद्धा उडालं नाही!’ त्यावर चिरंजीव म्हणाले, ‘काका, माझ्या मित्रांतले निम्मे झोपले आणि निम्मे रडले; मधला कुणीच नव्हता.’ आमची बारा वर्षांची कन्या दुसऱ्या वर्गातली ठरली. पण तिचा प्रश्न मोठा नेमका होता: यांग यंत्र होता तर तो बंद पडल्याचे तिला एवढे वाईट का वाटावे? चिरंजिवांनी तिला स्मृतीचे आणि संवेदनेचे शास्त्र समजावून सांगितले. तिचे समाधान झाले नाही. खरे म्हणजे त्यांचेही झाले नसावे.

आमच्या सौभाग्यवतींनी वेगळाच धागा पकडला. त्या म्हणाल्या, ‘ती आई वाईट नाही हो, दमलेली आहे. आणि बाप वाईट नाही, विसरलेला आहे. त्यांनी मुलीसाठी सगळं आणलं. फक्त रोजचं बोलणं, निजवणं, प्रश्नांना उत्तरं देणं हे सगळं त्या यांगवर सोपवलं. आणि तो पडल्यावर कळलं, की आईबाप होण्यातला मुख्य भाग तर तोच करत होता.’ यावर काही क्षण कोणी बोलले नाही. हल्ली मुलाच्या हाती चार इंची पडदा देऊन आपण स्वयंपाक उरकतो, हे ज्याचे त्याला आठवले असावे.

या साऱ्या वेळात आमची धाकटी भावजय बोलली नाही. चित्रपटात मध्ये एक प्रसंग आहे. शाळेतल्या मुलांनी मिकाला, तुझे खरे आईबाप कोण, म्हणून डिवचलेले असते. यांग तिला एका फळबागेत नेतो आणि सफरचंदाच्या झाडावर बांधलेले कलम दाखवितो. ही फांदी दुसऱ्या झाडाची खरी, पण आता ती याच झाडाची झाली आहे, असे तो तिला समजावितो. नेमक्या त्या वेळी भावजय ‘चहा टाकते’ म्हणून उठून आत गेली, आणि चहा व्हायला लागतो त्याच्या तिप्पट वेळ आतच राहिली.

आता वाचकांना घरचे गुपित सांगणे प्राप्त आहे. तिच्याच संमतीने सांगतो. तिच्या लग्नाला बारा वर्षे झाली, पाळणा हालला नाही. वैद्यकशास्त्राचे सारे उपाय झाले. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून नळीतल्या गर्भधारणेने बालक जन्मले, तेव्हापासून त्या शास्त्राने महाराष्ट्रातील कितीएक घरे हसविली. आमच्या घरी मात्र यश आले नाही. पैसा गेला, देह शिणला आणि मन त्याहून अधिक. शास्त्राच्या जोडीने श्रद्धाही झाली. आमच्या खोपोलीलगतच महडचे वरदविनायकाचे देऊळ आहे. माघी चतुर्थीला तेथे प्रसादाचा नारळ घेतला, की संतान होते अशी भाविकांची समजूत आहे. तो नारळही झाला. अखेर गेल्या ज्येष्ठात उभयतांनी मूल दत्तक घेण्यासाठी सरकारी दफ्तरी नाव नोंदविले. बंधूंनी नानांना सांगितले, तेव्हा नाना ‘बरं’ म्हणाले. आमच्या घरात नानांच्या ‘बरं’चे दोन अर्थ होतात, आणि तो पहिला नव्हता.

तर त्या संध्याकाळी सगळे यांगविषयी बोलत होते खरे, पण प्रत्येकाच्या मनात ते न आलेले मूल बसले होते.

नानांनीच कोंडी फोडली. म्हणाले, ‘त्या पोरीला शाळेत मुलं विचारतात, ते चुकीचं काय विचारतात? रक्त ते रक्त. दत्तक आपल्याकडे नवा नाही. वेणगाव इथून किती लांब? तिथला भटांचा मुलगा बाजीरावांनी ब्रह्मावर्तास मांडीवर घेतला. पण तो कुणाचा कोण हे साऱ्या जगाला ठाऊक होतं. घ्यायचाच तर भाऊबंदांतला घ्यावा. कुणाचं मूल, कुठलं मूल, काहीच माहीत नाही, हे कसलं दत्तक?’

नानांचा इतिहास पक्का आहे. कर्जत तालुक्यातील वेणगावी 1824 साली जन्मलेले हे बालक म्हणजेच नानासाहेब पेशवे. दुसऱ्या बाजीरावांनी 1827 साली त्यांना दत्तक घेतले. 1851 साली बाजीराव वारले आणि त्यांना मिळणारे आठ लाखांचे वर्षासन या दत्तक पुत्राला देण्याचे कंपनी सरकारने नाकारले. 1857 च्या रणात नानासाहेब उतरले त्यामागे हे एक मोठे शल्य होते. पुढे बडोद्यास 1875 साली सयाजीराव आले, कोल्हापुरास 1884 साली शाहू छत्रपती आले, तेही दत्तकच. महाराष्ट्राचा अर्वाचीन इतिहास दत्तकांच्या हातून घडला आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पण या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. तेथे गरज दौलतीला होती, गादीला होती, पिंडाला होती, मुलाला नव्हती. वंशाची रिकामी जागा भरावयाची आणि त्यासाठी कुळातले शोभेल असे मूल निवडावयाचे, असा तो व्यवहार. म्हणूनच सामान्यतः मुलगाच दत्तक घेतला जाई. 1956 च्या कायद्याने हिंदूंना मुलगीही दत्तक घेण्याची मोकळीक झाली आणि प्रश्नाचे तोंडच फिरले. आज सरकारी रीतीने जे दत्तकविधान होते त्यात पहिला प्रश्न असा असतो, की या मुलाला घर हवे आहे, तर हे घर त्याला योग्य आहे काय? पूर्वी घर मुलाची परीक्षा घेई. आता मुलाच्या वतीने घराची परीक्षा होते. ज्याने हयातभर घराकडूनच मोजले, त्याला हा उलटा हिशेब एकाएकी रुचावा कसा? नानांचा राग मला त्या दृष्टीने समजतो.

त्यांना उत्तर दिले ते आईने, आणि तेही पुराणातले. आई निवृत्त शिक्षिका. तिचा प्रत्येक युक्तिवाद गोष्टीने सुरू होतो. ती म्हणाली, ‘अहो, महडच्या देवाची कथाच मुळी याची आहे. विसरलात का?’ आणि तिने गणेशपुराणातली ती गोष्ट सांगितली. ऋषिपत्नी मुकुंदेचा मन रुक्मांगद राजावर जडले. त्याने तिला नाकारले. तेव्हा इंद्र त्याचे रूप घेऊन आला. त्यातून गृत्समद जन्मला, ऋषीचा मुलगा म्हणून वाढला, विद्वान झाला. पुढे एका राजाच्या घरी भरल्या सभेत, तू ऋषिपुत्रच नव्हेस, म्हणून त्याला हिणविण्यात आले. तो धावत आईकडे आला, सत्य ऐकले आणि संतापाने त्याने तिला शाप दिला, की तू काटेरी बोर होशील. तिनेही उलट शाप दिला, की तुझ्या पोटी दैत्य येईल. मग तो रानात तपाला बसला, गणेश प्रसन्न झाला, आणि जेथे प्रसन्न झाला तेथे त्याने वरदविनायकाची स्थापना केली. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलाचे द्रष्टे म्हणून आपण ज्यांना वंदन करतो ते हेच गृत्समद.

‘आता सांगा,’ आई म्हणाली, ‘त्या मुलाचं वाटोळं होऊ पाहत होतं ते रक्तामुळे का? जोवर त्याला कळलं नव्हतं तोवर तो शहाणा होता, विद्वान होता. कळलं तेही शाप नव्हता. परक्याच्या तोंडून कळलं, चारचौघांत कळलं, टोमणा म्हणून कळलं, तो शाप. मुकुंदेनं त्याला लहानपणीच पदराखाली घेऊन सांगितलं असतं, तर बोरीला काटे आले नसते. यांगनं त्या मुलीला बागेत नेऊन सांगितलं, तेच मला सगळ्यात आवडलं. फक्त ते काम आईबापांनी करायला हवं होतं.’

आजचे बालमानसशास्त्रही याहून निराळे सांगत नाही. दत्तक मुलाला त्याची हकीकत घरातच, आईबापांच्याच तोंडून, अगदी लहानपणापासून गोष्टीसारखी ऐकू यावी असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. मूल ‘मोठे झाल्यावर सांगू’ असे म्हणणारे घर बहुधा टोमण्याला दार उघडे ठेवते.

हा वाद येथेच संपावा अशी सर्वांची इच्छा होती. इतक्यात आत्याने विचारले, ‘त्या यांगला ते घरी घेऊन आले, त्याच्या आधी तो कुठे होता, ते त्यांनी कधी विचारलं होतं का?’

चिरंजीव म्हणाले, ‘नाही आत्याआजी. तो बंद पडल्यावरच बापाला कळतं, की तो आधी दुसऱ्या घरी होता. तिथेही त्यानं मूल सांभाळलं होतं.’

‘तेच म्हणते मी,’ एवढे बोलून आत्या पुन्हा वात वळू लागली.

आत्या आज 84 वर्षांची आहे. नानांहून वडील. 1962 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती आजवर येथेच आहे. मी जन्मलो तेव्हा आईची शाळा होती, नानांची वीजघरातली पाळीची नोकरी होती. मला भरविले, निजविले, शाळेत पोचविले ते आत्याने. नंतर बंधूंना, नंतर माझ्या दोन्ही मुलांना. घरात कोणी तिला कमी केले नाही. ताट वाढले, औषधपाणी केले, सणाला पातळ आणले. पण खरे सांगतो, ते एकवीस वर्षांचे आयुष्य पुसून आलेल्या मुलीच्या मनात काय होते, हे माझ्या जन्मात मी तिला विचारले नव्हते. पडद्यावरच्या त्या चहावाल्या बापाला हसण्याचा मला काय अधिकार होता?

नाना म्हणाले, ‘अक्का, तुझी गोष्ट निराळी. तू घरची.’

‘घरचीच,’ आत्या म्हणाली. ‘घरची म्हणून ठेवलीत, आणि चांगली ठेवलीत. मला आई कुणी म्हटलं नाही. म्हणावं असंही नव्हतं. पण अरे, हा गोवरानं फणफणला होता ना, तेव्हा रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते. रक्त कुणाचं ते बघायला मला सवड नव्हती. मूल रडतं तेव्हा ते आपलंच असतं. नंतर ज्याचं त्याचं होतं.’

त्या शेवटच्या वाक्यावर सौभाग्यवतींनी दिवा लावण्याचे निमित्त केले.

रात्री चिरंजिवांनी मला 2019 सालच्या एका मल्याळी चित्रपटाची गोष्ट सांगितली. ‘अँड्रॉइड कुंजप्पन’. रतीश बालकृष्णन पोदुवाल यांचा. त्यात मुलगा परदेशी नोकरीस जातो आणि पय्यन्नूरच्या हट्टी म्हाताऱ्या बापाच्या सेवेला एक यंत्रमानव ठेवून जातो. बाप आधी त्याचा तिटकारा करतो आणि हळूहळू त्यालाच मुलगा मानू लागतो. बापाचे काम केलेल्या सुरज वेंजारमूडू यांना त्या वर्षीचे केरळ राज्याचे उत्कृष्ट नटाचे पारितोषिक ज्या भूमिकांसाठी मिळाले त्यांत ही एक. एका चित्रपटात मुलाला यंत्र, दुसऱ्यात बापाला यंत्र. मला वाटते, दोन्ही चित्रपट यंत्राविषयी नाहीतच. जो रोज जवळ बसतो त्याचे आपण होतो, एवढेच ते सांगतात. एकत्र कुटुंबात आपल्याला यंत्र विकत आणावे लागले नाही, कारण जवळ बसणारे कोणी तरी घरात फुकट होते. त्या फुकटपणाचा हिशेब मात्र आपण मांडला नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता. परसात नाना रोपांपाशी बसले होते. त्यांना कलमे बांधण्याचा नाद फार. श्रावणात रायवळ आंब्याच्या कोवळ्या रोपांवर ते हापूसची काडी बांधतात. कन्या त्यांच्या शेजारी उकिडवी बसली होती. मी खिडकीतून ऐकत होतो.

‘आजोबा, यांग म्हणाला तसं खरंच होतं?’

‘होतं तर. हापूसची कोय लावलीस तर हापूसच उगवेल असा नेम नाही. म्हणून हापूसचं झाड बहुधा दुसऱ्याच्याच मुळावर वाढवतात. हा खाली खुंट, रायवळाचा. ही वर काडी. दोघांच्या साली नीट जुळवायच्या, पट्टी गच्च बांधायची, आणि मग हात लावायचा नाही. सारखं सोडून बघितलं, की मेलं.’

‘मग फळ कुणाचं येतं?’

‘काडीचं. खुंटाचं नाही येत.’

‘म्हणजे खुंट नुसता पाणी पुरवतो?’

‘हो. आणि त्यातून खुंटाला मधूनमधून आपले धुमारे फुटतात, ते खुडावे लागतात. नाही खुडले तर सगळा रस तिकडे जातो आणि काडी वाळते.’

‘मग खुंटाला काय मिळतं?’

नाना बराच वेळ बोलले नाहीत. हातातली पट्टी त्यांनी एकदा सोडून पुन्हा गुंडाळली. मग म्हणाले, ‘खुंटाला? खुंट जगतो बाई. नुसत्या खुंटाला कोण पाणी घालतो?’

मी खिडकीतून बाजूला झालो. पन्नास वर्षे कलमे बांधणाऱ्या माणसाला त्या वाक्याचा अर्थ मी समजावून सांगावा असे काही उरले नव्हते.

त्याच दुपारी, घर निजले असताना, मी आत्यापाशी जाऊन बसलो आणि लाजत लाजत विचारले, ‘आत्या, तुला काय काय आठवतं?’ ती म्हणाली, ‘कशातलं?’ त्यावर मला उत्तर देता येईना. मग तीच सांगू लागली. तिच्या सासरच्या अंगणातली पांढरी कण्हेर. कर्जतहून येणारी गाडी, आणि त्या दिवशी ती गाडीतून उतरली तेव्हा फलाटावर छत्री घेऊन उभे असलेले सतरा वर्षांचे नाना. नंतर म्हणाली, ‘तू चार वर्षांचा होतास. डोंगरावरचे नळ दाखवून म्हणालास, यात काय आहे? मी म्हटलं, पाणी. तू म्हणालास, मग आपल्या दिव्यात पाणी का नाही येत? मला उत्तर आलं नाही. तुझा बाप पाळीवरून आल्यावर विचारीन म्हणून ठेवलं आणि राहून गेलं.’ मला यातले काहीही आठवत नव्हते. माझ्या आयुष्याचा तो तुकडा एवढी वर्षे तिच्याजवळ होता, आणि मी तो मागितला नसता तर तिच्याबरोबरच गेला असता.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा विचार चालू असेल, त्यांच्यासाठी व्यवहाराचे दोन शब्द. दत्तकाची नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे संगणकावरून करावी लागते. खासगी मध्यस्थाच्या, ओळखीच्या दवाखान्याच्या किंवा ‘मूल मिळवून देतो’ म्हणणाऱ्या कोणाच्याही वाटेस जाऊ नये. तो गुन्हा आहे आणि पुढे मुलाच्याच पायांत काटा होतो. उभयतांच्या वयांची बेरीज पाहून कोणत्या वयाचे मूल मिळू शकेल ते ठरते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती बेरीज 85 हून अधिक नसावी. समाजसेविका घरी येऊन पाहणी करते. पूर्वी अंतिम हुकूम न्यायालयाचा लागे. 1 सप्टेंबर 2022 पासून तो जिल्हाधिकारी देतात. वाट मात्र पुष्कळ पाहावी लागते, वर्षे लागतात. तेव्हा ज्यांना विचार करावयाचा आहे त्यांनी तो लवकर करावा, आणि घरातल्या वडील माणसांना कागद झाल्यावर नव्हे, आधी सांगावे. आमच्या बंधूंची ती चूक झाली होती.

भाद्रपदाच्या अखेरीस आमच्याकडेही समाजसेविका येऊन गेल्या. शांत, मध्यमवयीन बाई. घर पाहिले, परस पाहिला, एकेकाशी बोलल्या. नानांना त्यांनी विचारले, ‘आजोबा, येणाऱ्या मुलाबद्दल आपलं काय मत?’ नाना म्हणाले, ‘मत काय असायचं? त्याला शाळेत कुणी काही बोललं, तर त्याला घरी येऊन सांगता आलं पाहिजे. ते आम्ही बघू.’ भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नानांचे ‘बरं’ त्या दिवशी कोणी ऐकले नाही, पण पहिल्या अर्थाचे ते तेच असावे.

मग त्या बाई आत्याकडे वळल्या. कागदावर घरातील माणसांची यादी होती आणि समोर नात्याचा रकाना. ‘आजी, आपण या घरात कोण?’ आत्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, ‘आत्या.’ बाईंनी तसे लिहून घेतले. शब्द मला फार अपुरा वाटला. पण दुसरा कोणता द्यावा, हे ऐन वेळी सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही.

माळ्यावरचा जुना पाळणा अद्याप खाली काढलेला नाही. घाई करू नये, असे आत्याचे मत आहे. मात्र परवा ती जुन्या मऊ लुगड्यांच्या घड्या काढून बसली होती. कशासाठी म्हणून विचारले, तर म्हणाली, ‘दुपट्याला नवं कापड टोचतं. आधीपासून धुऊन ठेवावं लागतं.’